पावसाच्या गाण्याचं पाणी

मु. खडकमळा, पो. सोनई, ता. नेवासे
१४ जानेवारी १९७३

ती. सौ. मुक्तावन्सं यांस,
पुष्पावतीचा कृ. सा. न. वि. वि.

तीळगूळ पाकिटात घातला आहे. टपालात त्याचा भुगा झाला तर भुगा खावा आणि गोड बोलावं. यंदा घरचा तीळ नाही, बाजारचा आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात काही कडू निघालं तर दोष बाजाराला द्यावा.

परवा तुमच्या दादांचा दात काढायला नगरला गेलो होतो. ते दवाखान्याच्या बाकावर बसले आणि मी सावेडीच्या मावशींना घेऊन टॉकीजमध्ये बसले. रडलो दोघंही, पण माझं रडणं त्यांच्यापेक्षा लांबलं. सिनेमातला नायक मध्यंतरापर्यंत आंधळा होता. मध्यंतरानंतर देवळातली घंटा डोक्यात पडली आणि त्याला दिसायला लागलं. हा उपाय खरा असेल तर तुमच्या दादांना एकदा देवळात न्यावं म्हणते, घरातलं त्यांना बरंच दिसत नाही. नायिका इतकी गरीब की घरात चिमूटभर पीठ नाही, पण प्रत्येक गाण्याला नवं पातळ. ती डोक्यावर घागर घेऊन येते ती रिकामी आहे हे तिच्या मानेवरून मला कळलं, मावशींना कळलं. नायकाला कळलं नाही, पण तो तेव्हा आंधळा होता म्हणून त्याला माफ केलं. पावसाच्या गाण्याला मात्र मी हुंदके देऊन रडले. त्या एका गाण्यात पडला तेवढा पाऊस आपल्या तालुक्यात गेल्या दोन वर्षांत पडलेला नाही.

इथलं काय लिहू? रेशनला मिलो म्हणून अमेरिकेची तांबडी ज्वारी मिळते, तिच्या भाकरी थापताना तुटतात. वाडीतल्या निम्म्या बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातात. आपली विहीर तेवढी अजून जिवंत आहे. झऱ्याला पाझरेल तेवढं पाणी सगळ्या जणी पाळीपाळीने नेतात. शेजारची गोजरबाई तुम्हाला आठवत असेल. तिची सून बाळंत झाली, मुलगी आहे. गोजरबाई खडी फोडून येते आणि मग बाळंतिणीच्या पाण्यासाठी उभी राहते.

दाजी टेलिव्हिजन घेणार असं ऐकलं. घरात सिनेमा येणार म्हणजे स्वयंपाक कधी करणार ते कळवा.

लोभ आहेच, या दुष्काळात तो तरी आटू देऊ नये.
आपली,
पुष्पावती

दादर, मुंबई
६ फेब्रुवारी १९७३

ती. सौ. पुष्पावहिनींस,
सा. न. वि. वि.

तीळगुळाचा भुगा पोचला, चमच्याने खाल्ला.

टेलिव्हिजन आला. त्याला लाकडी दारं आहेत आणि दारांना कुलूप. रोज संध्याकाळी हे आंघोळ करून ते कुलूप उघडतात. चाळीतली सगळी मंडळी आमच्या खोलीत, त्यांच्या चपला जिन्यापर्यंत आणि मी माझ्याच घरात दाराच्या फटीतून बघते. जे लागेल ते लोक बघतात. बातम्या सांगणारी बाई नमस्कार म्हणाली की खालच्या मजल्यावरचे आजोबा उलट नमस्कार करतात. तिने परवा त्यांच्याकडे बघितलं नाही म्हणून ते रुसले आहेत. मधेच चित्र जातं आणि व्यत्ययाबद्दल क्षमस्व अशी पाटी येते. मला विचाराल तर तो सगळ्यात चांगला कार्यक्रम, कारण तेवढ्यात चहा होतो.

शेतकऱ्यांचा कार्यक्रमही आम्ही सोडत नाही. आमच्यापैकी कोणाकडे कुंडीसुद्धा नाही, पण उसावरच्या किडीबद्दल सगळ्यांना काळजी वाटते. तेव्हा माझं ऐका. लिंबाच्या झाडाला दुहेरी आळं करून त्याला आठवड्याला भरपूर पाणी द्यावं. दादालाही सांगा.

दादाच्या हिरडीला आता बरं असेल. गोजरबाईंच्या नातीला माझा पापा.

आठवण ठेवावी, पत्राने ती पोचतीही करावी.
आपली,
मुक्ता

खडकमळा
११ मार्च १९७३

ती. सौ. मुक्तावन्सं यांस,
कृ. सा. न. वि. वि.

लिंबाला दुहेरी आळं केलं. त्यात पाणी सोडून बाकी सगळं घातलं आहे.

आता पाटावर बसून पुढचं वाचा. आपल्या मळ्यात सिनेमा आला आहे! तुमच्या दादांच्या ओळखीने एक कंपनी आली. सिनेमाचं नाव सुगीची नवरी. डायरेक्टरांना अस्सल खेडं हवं होतं. खेडं अस्सल मिळालं, सुगी मिळाली नाही. मग त्यांनी कुठूनशी ज्वारीची हिरवी ताटं ट्रकने आणली आणि आपल्या वावरात एका ओळीत रोवली. कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच शिवार हिरवं, त्याच्या मागे नुसता फुफाटा. बाभळीच्या पाल्यावर पिचकारीने रंग मारला. त्या दिवशी शेरडांना आवरता आवरता आमचा जीव गेला.

सुगीच्या नाचाला खडीवरच्याच बायका घेतल्या. गोजरबाईने जन्मात सिनेमा पाहिलेला नाही, पण तिला पुढे उभं केलं. डायरेक्टर तिला म्हणाले, पीक भरघोस आलंय असं समजून हसा. तिने विचारलं, किती आलंय. ते म्हणाले, घरात मावणार नाही इतकं. ती म्हणाली, येवढं म्या कदी बगितलं न्हाई, तवा त्याला कसं हासायचं ते बी ठावं न्हाई. शेवटी तिला पाठमोरी उभी केली.

तुमच्या दादांना पाटलाचं काम मिळालं आहे. तीन वाक्यं आहेत. ती ते सकाळी बैलांपुढे, दुपारी आरशापुढे आणि जेवताना माझ्यापुढे म्हणतात. बैल माझ्यापेक्षा चांगले ऐकतात. नायक एकदा आपल्या पंक्तीला जेवून गेला. ठेच्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तो पडद्यावरच्यापेक्षा खरा दिसला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे. त्यांना २३ तारखेच्या शुक्रवारी पावसाचं गाणं करायचं आहे आणि पाऊस आपल्या विहिरीतून काढणार आहेत. तुमच्या दादांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं. एका दिवसाच्या पावसात विहिरीचा तळ लागेल आणि झरा पुन्हा कधी धरेल कोण जाणे. पावसाची गाणी मला किती आवडतात हे तुम्ही जाणता. तरी घास उतरत नाही. काय करावं ते लिहा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
पुष्पावती

दादर, मुंबई
१९ मार्च १९७३

ती. सौ. पुष्पावहिनींस,
सा. न. वि. वि.

अहो, तुमचं पत्र मी टेलिव्हिजन बंद करून सगळ्यांना वाचून दाखवलं! नायक आपल्या पाटावर बसून जेवला हे ऐकून वरच्या मजल्यावरच्या मुली मला उठून जागा द्यायला लागल्या आहेत. माझ्याच घरात. त्याची सही घ्या, चार-पाच कागदांवर घ्या. त्याचे केस खरे आहेत का तेही जवळून बघून ठेवा, इथे त्यावर पैज लागली आहे.

पावसाच्या गाण्याला नाही म्हणू नका, वहिनी. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आपल्या विहिरीचं पाणी नटीच्या अंगावर पडताना सगळा महाराष्ट्र बघेल. बाबांना केवढा अभिमान वाटला असता! दादाने हो म्हटलं ते बरंच केलं. शुक्रवारी गाणं झालं की नटीच्या पातळाचा काठ कसा होता ते सविस्तर कळवा.

मर्जी राखावी, सह्या विसरू नयेत.
आपली,
मुक्ता

ता. क. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा उघडते आहे. ह्यांनी पत्र वाचलं आणि एवढंच विचारलं, की त्या दिवशी आणि त्याच्या पुढे त्या बायका काय पितील. वहिनी, मला हे सुचलंच नव्हतं. सह्यांचं राहू द्या. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

खडकमळा
२ एप्रिल १९७३

ती. सौ. मुक्तावन्सं यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं त्याच्या आदल्याच दिवशी सगळं होऊन गेलं होतं. तरी ता. क. वाचून बरं वाटलं. दाजींना माझा नमस्कार सांगा.

गाण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या दादांना मी दोनदा विनवलं. ते मिशीला पीळ देत होते. शब्द दिलाय, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही पाणी दिलंय. त्यावर त्यांनी पाटलाची तिन्ही वाक्यं खणखणीत आवाजात म्हटली. खोटं कशाला लिहू, सकाळी मीही नवं पातळ नेसून विहिरीवर गेले. जन्मात पावसाचं गाणं डोळ्यांसमोर पुन्हा कधी होणार, असं मनात होतंच.

विहिरीशेजारी बांबूंचा उंच मांडव होता. त्यावर भोकं पाडलेले पाइप. खाली ऑइल इंजिन. नायक छत्रीत, नटी खुर्चीत, तुमचे दादा फेट्यात. पाण्याच्या पाळीला आलेल्या बायकांना दोरीपलीकडे थांबवलं होतं. रिकाम्या घागरी कडेवर घेऊन सगळ्या जणी नुसत्या बघत होत्या. मग गोजरबाई दोरीपाशी आली. हात जोडून तिने डायरेक्टरांना विचारलं, सायब, वरून पडंल ते पानी भुईत जिरायच्या आत आमी परातीत धरलं तर चालंल का, तुमच्या बाईच्या अंगावरनं आल्यालं असलं तरी चालंल. डायरेक्टर रागावले नाहीत. अगदी गोड आवाजात म्हणाले, परात फ्रेममध्ये येईल.

वन्सं, त्यांनी शिवी दिली असती तर मी कदाचित बसून राहिले असते.

मी उठले, इंजिनाचं हँडल काढून घेतलं आणि विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिले. हँडलाशिवाय ते धूड चालू होत नाही एवढं मला माहीत आहे. पदर खोचला. म्हटलं, हे पाणी वाडीचं आहे. तहान लागली तर नटीबाईला तांब्या भरून देईन, तुम्हालाही देईन, पण गाण्याला एक थेंब मिळणार नाही. कोणी पुढे आलं तर हँडल विहिरीत टाकीन. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. बायका दोरीखालून आल्या आणि माझ्या भोवती उभ्या राहिल्या. डायरेक्टर पुढे येऊन मराठी चित्रपटाच्या भवितव्याबद्दल बोलले. त्यातलं बरंचसं मला पटलं, पण हँडल दिलं नाही. ते मागे वळून कॅमेरावाल्याशी इंग्रजीत काही बोलले. तो आपला डोळा लावून बसला होता. यंत्र तपासत असावा. नटी बिचारी उठून आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि माझ्या हाताला हात लावून गेली. नायक मोटारीत जाऊन बसला. दुपारी मांडव सुटला.

तुमच्या दादांची वाक्यं आधीच घेऊन झाली होती, म्हणून ती राहतील असा त्यांना धीर आहे. माझ्याशी मात्र बोलत नाहीत. मीठ हवं असलं की मांजराला सांगतात, आणि मांजर ढिम्म हलत नाही म्हणून मला उठावं लागतं. चारचौघांत मान गेली असं त्यांना वाटतं. मलाही कधी कधी तसं वाटतं. मग विहिरीवर घागरींचा आवाज येतो आणि ते वाटणं जातं.

नायकाचे केस खरे नाहीत. पैजेचं काय ते बघा.

सांभाळून घ्यावं.
आपली,
पुष्पावती

दादर, मुंबई
२० जानेवारी १९७४

ती. सौ. पुष्पावहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहू की नको, असं करत आठवडा काढला. पण बाहेरून कानावर येण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

सुगीची नवरी इथे लागला. आख्खी चाळ घेऊन मी गेले. आधी दादाचं सांगते. त्याची तिन्ही वाक्यं गेली. पंचायतीच्या प्रसंगात पाठमोरा फेटा दिसतो आणि मानेचा थोडा भाग. मी मान ओळखली.

तुम्ही मात्र दिसता, वहिनी. चांगल्या समोरून दिसता. विहिरीच्या काठावर उभ्या, पदर खोचलेला, हातात ते हँडल. त्यांनी त्या दिवशी यंत्र तपासलं नव्हतं. तोंड तुमचं हलतं, पण आवाज कोण्या दुसऱ्याच बाईचा, अगदी शहरी आणि चिरका. ती म्हणते, विहीर माझ्या मालकीची आहे, तहानेने मेलात तरी कोणाला घोटभर पाणी मिळणार नाही. भोवती उभ्या राहिलेल्या बायका तुमच्या पाया पडायला आल्यात असं वाटतं. मग तहानलेली नायिका चक्कर येऊन पडते, नायक आकाशाकडे बघतो आणि धो धो पाऊस लागतो. तो पाऊस कुठल्याशा स्टुडिओतला. लोकांनी तुमच्यावर शिट्ट्या मारल्या. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, अशा सटवीला विहिरीतच ढकलायला हवं. मी उठून तिच्याशी भांडले. हे माझा हात ओढत होते, पण मी भांडले.

त्यावर कडी म्हणजे मंगळवारी तेच डायरेक्टर टेलिव्हिजनवर आले. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, दुष्काळात चित्रण करताना काय अनुभव आला. ते डोळे पुसत म्हणाले, आम्ही आमच्या तोंडचं पाणी गावातल्या भगिनींना दिलं. वहिनी, मी उठले आणि टेलिव्हिजनची दारं लावून कुलूप घातलं. खालचे आजोबा नमस्कार करायच्या तयारीत होते, त्यांचे हात तसेच राहिले. कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे आणि हे ती मागायला धजत नाहीत.

दादाला हे कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मी त्या दिवशी गाणं होऊ द्या म्हणून लिहिलं होतं, ते पत्र फाडून टाकाल का?

माया पातळ होऊ देऊ नये.
तुमचीच,
मुक्ता

खडकमळा
१७ मार्च १९७४

ती. सौ. मुक्तावन्सं यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र टपालवाल्याकडून तुमच्या दादांनीच घेतलं आणि ओट्यावर उभ्या उभ्या वाचलं. मग माझ्या हातात दिलं आणि मळ्यात निघून गेले. पाऊस झाल्यापासून आम्ही बोलतो आहोत, पण त्या दिवशी परत गप्प झाले. माझं म्हणाल तर मी चूल पेटवली आणि धुराच्या निमित्ताने रडून घेतलं. सिनेमाला इतकी वर्षं रडले, पण सिनेमाने रडवलं ते या खेपेला.

गेल्या आठवड्यात सोनईला तंबू लागला आणि भोंग्यावरून सुगीची नवरी पुकारला. आता आजूबाजूच्या सगळ्या गावांनी मला बघायचं. मी जाणार नव्हते. तुमच्या दादांनी बैलगाडी जुंपली आणि चला म्हणाले. वाडीतल्या बायकाही आल्या. बायकांच्या बाजूला कनातीजवळ मी गोजरबाईला टेकून बसले. पडद्यावर तुमच्या दादांची मान येऊन गेली. मग मी आले. वन्सं, मी फार मोठी दिसते हो! कपाळावरचं कुंकू ताटाएवढं. आणि तोंडातून तो परका आवाज. तंबूत हुर्यो सुरू झाली. परगावचं कोणीतरी म्हणालं, कोन ही चेटकीन. मी पदर तोंडावर ओढला.

तेवढ्यात गोजरबाई उभी राहिली. ओरडून म्हणाली, लबाड हाय ही मशीन, आमची बाई आसं बोललीच न्हाई. भोंग्यापुढे तिचं कोण ऐकणार? पुरुषांच्या बाजूला गलका झाला आणि बघते तर तुमचे दादा माणसं ओलांडत मशीनवाल्याकडे निघालेले. त्याला म्हणाले, भोंगा बंद कर आणि एवढं रीळ परत लाव. तो म्हणाला, तिकिटात आवाज धरलेला आहे, आवाजाशिवाय दाखवता येणार नाही. तुमचे दादा म्हणाले, आवाज आम्ही घरून आणलाय.

भोंगा बंद झाला. रीळ परत लागलं. मी मुकी होऊन काठावर उभी राहिले आणि खालून गोजरबाई माझ्या तोंडचं बोलायला लागली. मग दुसरी बोलली, मग सगळ्याच. सुरुवातीचं बरोबर होतं. पुढे जिची तिची भर पडली. एकीने माझ्या तोंडी मिलोच्या भाकरीची गाऱ्हाणी घातली, एकीने खडीवरच्या मुकादमाला झोडपला. भागूबाईने तर स्वतःच्या नवऱ्याबद्दल असं काही ऐकवलं, की पुरुषांच्या बाजूला खोकण्याशिवाय आवाज उरला नाही. नटीने पडद्यावर चक्कर येऊन पडण्याआधी कोणीतरी ओरडलं, उठ गं, पानी पी, देनार हाय ती. हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मघाशी चेटकीण म्हणणाऱ्यानेच परत दाखवा म्हणून गिल्ला केला. मशीनवाल्याने तेवढा तुकडा तिसऱ्यांदा लावला. पावसाचं गाणं आलं तेव्हा निम्मा तंबू घरी निघाला होता.

परत येताना तुमचे दादा गाडी हाकत होते. मग बैलांकडे बघत म्हणाले, की त्या दिवशी विहिरीवर तू बोलत होतीस तेव्हा मी तुझ्या बाजूला यायला हवं होतं. मी म्हटलं, आज आलात. त्यावर त्यांनी विचारलं, माझी मान कशी दिसली. मी भारदस्त म्हणून सांगितलं. सिनेमा काळा-पांढरा असल्याने फेट्याचा रंग कळत नाही, ही त्यांची खंत आहे.

आता चित्रपटावर माझं मत, कारण ते दिल्याशिवाय मला झोप येत नाही. कथा पातळ आहे, गाणी लांब आहेत, नायकाचे केस एका प्रसंगात उजवीकडे सरकले आहेत. नटी बरी. सुगीच्या नाचातली पाठमोरी बाई सगळ्यात सरस, तिच्या पाठीला अभिनय येत नाही. त्या काठावरच्या बाईबद्दल मी काही लिहिणार नाही, घरचीच असल्यामुळे.

किल्ली दाजींना देऊन टाका. आजोबांना वाईट वाटत असेल. तुमचं ते पत्र फाडलेलं नाही. दोन्ही मतं एकाच पाकिटात घालणारी नणंद सगळ्यांना मिळत नाही.

पुढच्या गुरुवारी गोजरबाईला घेऊन नगरला सिनेमाला जाणार आहे, खुर्च्यांच्या टॉकीजमध्ये. तिला सगळं समजावून सांगितलं, की तिथे अंधार करतात, पंखे असतात, गाद्यांच्या खुर्च्या असतात. तिने विचारलं, तितं मधीच बोललं तर चालतं का. मी म्हटलं, नाही गं, तिथे सगळे गुपचूप बसून बघतात. तर म्हणाली, मंग येवढ्या लांब जायाचं कशापायी?

तिला काय सांगावं ते सुचलं तर गुरुवारच्या आत कळवा, आणि अशीच माया धरून राहा.
आपली,
पुष्पावती